रिकाम्या हंड्यांची रांग

आमच्या बदलापूरच्या सोसायटीत पाणी गेलं की टँकर यायच्या आधीच आम्ही हंडे रांगेत ठेवतो आणि घरी येऊन खुशाल चहा पितो. त्या दिवशी धाकटा दीर चहा पिता पिता मला शिकवत होता, "वहिनी, मेंदूत नुसत्या पेशी आणि वीज. श्रद्धा, नियम, सगळा भ्रम!"

माझं डोकंच फिरलं. त्याला ओढतच खाली नेलं. आवारात चिटपाखरूही नव्हतं. "आपला हंडा शेवटचा आहे. न्या पुढे!"

त्याने हंडा उचलला, दोन पावलं टाकली आणि थबकला. कान लालबुंद! गुपचूप हंडा होता तिथेच ठेवला.

मला तर नाचावंसंच वाटलं! "बोला भाऊजी, नसलेल्या नियमाने तुमचा हात कसा धरला?"