आमच्या बोअरचं पाणी

विड्या वळून साठवलेल्या पैशांतून आईनं कुंभारीतल्या आमच्या अंगणात बोअर मारला होता. दोनशे फूट. इतकी वर्षं तो पुरला. मग शेजाऱ्यांनी दुमजली घर काढलं आणि आमच्या भिंतीला खेटून बोअरची गाडी आणून उभी केली.

आई गाडीच्या एजंटाला म्हणाली, "भाऊ, जरा लांब घ्या की. आमचा हितंच हाय."

"अक्का, जमिनीखाली कुनाचं नाव लिवलेलं नसतंय," तो म्हणाला. असली वाक्यं या लोकांना पाठच असतात. त्याच्या गाडीची चावी काढून नाल्यात फेकावीशी वाटली मला.

गाडीचं ड्रिल दाबानं हवा सोडत, दगड फोडत खाली चाललं. दुपारी अचानक आमचा बोअर गुरगुरला आणि त्याच्या तोंडातून गढूळ पाणी उसळलं. तिकडची हवा खालच्या भेगेतून आमच्यात शिरली होती. गल्ली बघायला धावली, मोबाईल निघाले. एजंट खूश.

"बगा, खाली दोघांचं पानी एकच हाय."

म्हणजे त्याला कळत होतं. कळूनही तो शेजाऱ्यांना म्हणाला, "आता थांबू नका. आजकाल हितं सहाशेच्या आत कोन थांबत न्हाय." आणि ते सहाशेवर गेले.

उन्हाळ्याच्या तोंडी आमची मोटर नुसती हवा ओढायला लागली.

शेजारी माणूस वाईट नाही, हेच जास्त डोक्यात जातं. रोज सकाळी तो भिंतीवरून पाईप टाकतो. "अक्का, लाजू नका. तुमचा बोअर आटला, त्याला तुमी तरी काय करनार?" आटला म्हणे, जसा काही आपोआप आटला. आई प्रत्येक हंड्याला म्हणते, "लई उपकार झाले, भाऊ." चोराच्या उलट्या बोंबा परवडल्या, इथं तर चोराचे आभार मानायचे.

परवा मला राहवलं नाही. भिंतीपाशी जाऊन म्हणाले, "उपकार कसले? आमचंच पाणी हाय ते."

तो वळला. आत गेला. पाईपची धार बारीक झाली आणि थांबली. हंडा अर्धाच भरला होता.

आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "जा, माफी माग."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी गेले. त्याच्या दारात उभी राहून माफी मागितली. परत आले तेव्हा हंडा भरला होता, आणि आई भिंतीपलीकडे बघून पुन्हा तेच म्हणत होती.