दिवसा लावलेलं दार

वडील गेले, जबलपूरचं रेल्वे क्वार्टर सोडावं लागलं आणि आई नि मी लालबागच्या एका चाळीत राहायला आलो. मला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरची नोकरी मिळाली होती. कॉन्व्हेंटचं इंग्रजी तेवढं तरी कामी आलं. मामांना आमचं मुंबईला येणं पसंत नव्हतं. दिवाळीनंतर ते येऊन बघणार होते, आणि आमचं इथे जमलेलं नसलं तर आम्हाला त्यांच्या घरी नेणार होते. तसं झालं तर माझी नोकरी संपली, हे कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती.

माझी ड्यूटी दुपारी सुरू होऊन रात्री उशिरा संपायची. सकाळभर आम्ही दोघी घरात, दार लावून. क्वार्टरमध्ये दार लावलेलंच असे, त्यामुळे ते उघडं टाकून बसावं हे सुचलंही नाही. गॅलरीतली बाकी सगळी दारं सताड उघडी असत.

मी खिडकीच्या फटीतून बघत असे. मुली दोरीवरच्या उड्या मारत यायच्या, आमच्या दाराशी आल्या की दोरी गुंडाळून चालत जायच्या आणि पुढच्या खोलीपासून पुन्हा सुरू. शेजारच्या मालवणकडच्या काकू मसाला कुटायला बसायच्या, पण आपल्या दारात नाही. जड खलबत्ता कमरेवर घेऊन पार जिन्याजवळ जायच्या. नळावर जायला आईने दार उघडलं की गॅलरीतल्या बायकांचे आवाज खाली यायचे.

"आपण त्यांना आवडलेलो नाही," आई एकदा म्हणाली. मलाही तसंच वाटत होतं, आणि दोष माझ्या इंग्रजीचा असणार असं मी ठरवून टाकलं होतं. वडिलांची ट्रंक अजून दोरीने बांधलेलीच होती. आई ती सोडायला तयार नव्हती.

मग एक दिवस संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ झाला. गिरण्यांचे भोंगे वाजलेच नाहीत, शाळा बंद, आणि ट्रॅम-बसही बंद म्हणून माझी ड्यूटी बुडणार होती. सगळी चाळ घरात आणि पोरं गॅलरीत. बरोबर आमच्या दारासमोर त्यांचा मोर्चा निघाला, हातात केरसुण्या, तोंडाने घोषणा.

"मेल्यांनो, गप रवा." काकूंचा आवाज दबका पण धारदार होता. "भितूर चेडू निजलासा. रातभर टेलिफोन धरून बसता ता. मुंबई उद्या मिळाली तरी चलात."

मोर्चा कुजबुजत जिन्याकडे गेला.

चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मीच. मी आईकडे बघितलं. तिच्या हातातली सुई थांबली होती. मी उठून दार उघडलं.

"उठवल्यानी शेवटी," काकू म्हणाल्या.

"मी झोपले नव्हते. मला रातपाळी नसते, काकू."

"मगे दार कशाक लावतंस?"

"आमच्याकडे... लावतात."

त्यांनी गॅलरीतल्या उघड्या दारांकडे हात केला. "हयसर दिवसाढवळ्या दोघेच दार लावतत. एक रातपाळीवालो, नायतर भांडलेलो. तू तर कोणाशी भांडूक नाय." मग कमरेवर हात ठेवून हसल्या. "आणि मी खुळी, गणपतीपासून तो खलबत्तो जिन्यापर्यंत व्हावतंय. माझी कंबार मोडली ती कोणी भरून देवची?"

माझ्या मागून आईचा हसण्याचा आवाज आला. वडील गेल्यापासून तो मी ऐकला नव्हता.

त्या दुपारी खलबत्ता आमच्या दोन दारांच्या मधे आला. आई मिरच्यांची देठं काढायला बसली आणि शिंकून शिंकून बेजार झाली. पोरांचा मोर्चाही परतला, आता पूर्ण आवाजात. इतका गोंगाट मी आयुष्यात ऐकला नव्हता, आणि गेले कित्येक आठवडे ही सगळी माणसं तो आमच्यासाठी गिळत होती. माझ्या झोपेसाठी, जी मी घेतच नव्हते.

मी आत गेले आणि ट्रंकेची दोरी सोडायला लागले. गाठ घट्ट बसली होती.

"कात्रीने काप," आई बाहेरून म्हणाली. "ती दोरी आता कशाला लागत्येय?"