फुंकर आणि फुफ्फुस

फुफ्फुसांचं औषध मी आठ महिने, एकही दिवस न चुकवता, बायकोच्या साडीला दिलं.

माझा तरी काय दोष? पेणला गणपतीच्या कारखान्यात चाळीस वर्षं काढली. मूर्ती घासायची, फुंकर मारून धूळ उडवायची. (जी उडाली नाही ती छातीत जमा!) शेवटी डॉक्टर म्हणाले, "सीओपीडी आहे, श्वासनळ्या आकसल्यात. घासकाम बंद. दम सुधारला तर मास्क लावून डोळे आखा, नाहीतर तेही नाही." डोळ्यांची आखणी म्हणजे माझा जीव की प्राण! पण धाप लागली की हात थरथरायचा आणि बाप्पा तिरळा व्हायचा.

मग सुनेने मोबाइलवर भरणाऱ्या, आमच्यासारख्या धापा टाकणाऱ्यांच्या वर्गात माझं नाव घातलं. पेणपासून रोह्यापर्यंतचे बारा जण. पहिल्याच रविवारी मॅडमनी विचारलं, "इन्हेलर कसा घेता, कोण दाखवतं?"

मी कॉलर ताठ करून पुढे! कॅप्सूल भरली, यंत्र तोंडाला लावलं आणि जोरात... फूऽऽ! नेहमीप्रमाणे औषधानंतरच्या गुळण्यांचं पाणी घेऊन समोर उभी असलेली बायको नेहमीप्रमाणे शिंकली.

मग वर्गातल्या, निडी गावच्या जनाकाकू कडाडल्या. (जन्मभर चुलीचा धूर खाऊन त्यांचीही छाती गेलेली.) "अवो दादा, फुकताय काय? आत वढा, आत!"

"म्हणजे इतके दिवस मी..."

"इतके दिवस वयनींची छाती साफ झाली असंल!"

"तू बोलली का नाहीस?" मी बायकोवर खेकसलो.

"मला काय ठाऊक? मला वाटलं, कारखान्यातली पद्धत असेल!"

सगळा वर्ग हसला आणि मग सगळा वर्ग खोकला. मॅडमना पाच मिनिटं शिकवणं थांबवावं लागलं.

पण त्या माणसांनी मला सोडलं नाही. जनाकाकू शेतावर जाण्याआधी रोज फोन करायच्या. "वढला का दादा? माझ्यासमोर वढा. तुमचा काय भरोसा नाय." दोन महिन्यांत मी न थांबता जिना चढू लागलो.

गणपतीआधी पहिल्या मूर्तीसमोर बसलो. सुनेने मोबाइल धरला, सगळा वर्ग हजर. ब्रश टेकवला. हात हलला नाही! रेघ पुरी झाली, बाप्पाने डोळा उघडला आणि माझे भरून आले. मोबाइलकडे पाहतो तर अकराही जण गाल फुगवून गप्प. ज्यांना धड श्वास घेता येत नाही, ती माणसं माझ्यासाठी श्वास रोखून बसली होती! हे उपकार कसे फेडायचे? आभार मानायला तोंड उघडलं, तर शब्दच फुटेना.

"गो सूनबाय, पाठीत थाप मार त्यांच्या!" जनाकाकू ओरडल्या. "दादा श्वास सोडाया इसरले!"