रविवारचं वाचन

आनंदाला त्याच्या मालकानं फसवलं. पगारात नाही, पगार महिन्याच्या महिन्याला व्हायचा, दिवाळीला बोनस आणि मिठाईचा पुडासुद्धा मिळायचा. कारखान्यातला दोष कुठं आहे हे पक्कं ठाऊक असताना त्या माणसानं नऊ वर्षं तो दोष आनंदाच्या हातात आहे असं आनंदालाच पटवून दिलं, ही ती फसवणूक. दीड महिन्यापूर्वी आनंदा गेला. तो असता तर त्यानं मला हे लिहू दिलं नसतं...

आनंदाच्या बायकोचा, शालनवहिनींचा फोन आला तेव्हा मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या माझ्या दुकानात एका जुन्या लेथ मशिनचा सौदा करत होतो. "भावजी, ह्यांस्नी राजारामपुरीत दवाखान्यात आणलंय. लगेच या." मी पोचलो तोवर संपलं होतं. सकाळपासून छातीत दुखत होतं आणि दुपारपर्यंत त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं तेही असं, की काल भजी जास्त खाल्ली, माझंच चुकलं. डॉक्टर तरुण होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमचे मित्र टेबलावर पडल्या पडल्या माझी माफी मागत होते. उशिरा आलो, तुम्हाला त्रास दिला म्हणून. असं का करत होते?" बाहेर पेशंट खोळंबले होते.

आम्ही दोघं नेसरीकडचे. शाळा संपल्यावर एकाच एसटीनं कोल्हापूरला आलो आणि शिवाजी पेठेत एका तालमीच्या मागं खोली घेऊन राहिलो. मी भंगारातली मशिनं घ्यायची, पुसून-रंगवून विकायची असा धंदा धरला. आनंदा सुताराचा पोर. तो पॅटर्न करायला शिकला. फौंड्रीत लोखंड ओतण्याआधी त्या वस्तूचं हुबेहूब लाकडी रूप करावं लागतं, ते वाळूत दाबून साचा काढतात. त्या लाकडाला पॅटर्न म्हणतात. लोखंड निवताना आकसतं, म्हणून पॅटर्न मापापेक्षा केसभर मोठा ठेवायचा असतो, आणि ते केसभर आनंदा बोटानं ओळखायचा. नुसतं ओळखायचा नाही, भांडायचाही. एकदा पुण्याचा एक इंजिनिअर पॅटर्न चुकलाय म्हणून आला, तर यानं कागद त्याच्यापुढं पसरून सांगितलं, "सायेब, पॅटर्न बरोबर हाय. तुमचा नकाशा चुकलाय." आणि नकाशाच चुकला होता. पेठेतल्या फुटबॉलच्या मॅचला हा कुंपणावर चढून रेफ्रीशी वाद घालायचा, तेव्हा मी त्याच्या चड्डीला धरून खाली ओढायचो. माझा स्वभाव तापट म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्या काळात आमच्या खोलीत मी थंड डोक्याचा होतो.

नव्वदच्या दशकात त्याला शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत नोकरी लागली. मालकाचं नाव मी लिहीत नाही. तिथं एक रीत होती. सोमवारी सुट्टी, म्हणून रविवारी संध्याकाळी काम संपलं की आठवडाभरातली खराब निघालेली कास्टिंगं, म्हणजे साच्यातून निघालेले लोखंडी जॉब, अंगणात ओळीनं मांडायची. प्रत्येकामागं ज्याच्यामुळं ते बिघडलं तो माणूस उभा करायचा आणि त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेला माफीनामा सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचायचा. 'माझ्या हलगर्जीपणामुळे सदर जॉब खराब झाला, त्याबद्दल मी दिलगीर आहे.' खाली सही. कुणामुळं बिघडलं हे मालक ठरवणार. कामगार त्याला कीर्तन म्हणायचे. "आनंदाबुवा, आज किती अभंग?" असं विचारायचे, आणि सुरुवातीला आनंदाही हसायचा, "दोनच हाईत, टाळ घेऊन या."

कास्टिंगमध्ये छिद्रं पडत होती. पॅटर्न चुकला तर माप चुकतं; अशी छिद्रं वाळूनं पडतात. ओली, नीट न मळलेली वाळू असली की वाफ धरते. हे आनंदानं पहिल्या वर्षीच मालकाला सांगितलं. मालक शांतपणे म्हणाले, "तू तुझ्या लाकडाचं बघ." आरडाओरडा नाही, शिवी नाही. त्या माणसानं नऊ वर्षांत एकदाही आवाज चढवला नाही, हे मी त्याच्याविरुद्धच सांगतो आहे. शिवी दिली असती तर आनंदानं उलट शिवी देऊन नोकरी सोडली असती.

तेव्हा तो माझ्याकडं आला होता. "मी न्हाय लिवणार म्हणून सांगतो उद्या. माझी चूक न्हाय तर सही कशाला करू?" मी त्याला काय म्हणालो ते लिहिल्याशिवाय या लेखाला अर्थ नाही. मी म्हणालो, "येडा हायस काय? लिही की. कागदाचं काय जातंय? मी दिवसाला शंभर वेळा परवडत न्हाय म्हणतो, तरी घर चालतंयच न्हवं? शब्द फुकट असत्यात लेका. दे त्याला दोन, आन् नोकरी टिकव." सौद्यात शब्दाला किंमत नसते, हे माझं सगळं शिक्षण. ते मी त्याला दिलं. त्याचं लग्न ठरलेलं होतं, त्यानं ऐकलं.

पण मी खोटं बोललो तरी माझं मी ऐकत नाही. आनंदा ऐकत होता. स्वतःच्या आवाजात, दर रविवारी, चाळीस माणसांसमोर. तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्याचं हसणं बंद झालं. मग तो शनिवारपासूनच जेवेना. बाहेरची गिऱ्हाइकं आली की मालक त्यांना मुद्दाम रविवारी थांबवून घ्यायचे आणि अंगणात खुर्च्या टाकायचे... बघा, आमच्याकडं शिस्त कशी आहे. गिऱ्हाईक खूश होऊन जायचं.

नऊ वर्षांनी त्याला चक्कर येऊ लागली आणि त्यानं नोकरी सोडली. मला वाटलं, सुटला. मी माझ्या दुकानाच्या मागं त्याला पत्र्याची शेड घालून दिली. म्हटलं, तुझे तू पॅटर्न कर, तुझा तू मालक. लाकूड आणलं, गिऱ्हाईकही आणलं. त्यानं पहिला पॅटर्न चार दिवसांत केला आणि पुढं तीन आठवडे तो हातातून सोडला नाही. मोजायचा, ठेवायचा, परत मोजायचा. गिऱ्हाईक येऊन बसलं की म्हणायचा, "पावणं, उद्या या. कुठंतरी चुकलंय." "कुठं?" "ते गावंना, पण चुकलंय." मी स्वतः मोजला. बरोबर होता. दुसऱ्या कारागिराकडून मोजून घेतला. बरोबर होता. शेवटी तो झोपलेला असताना मी पॅटर्न उचलून गिऱ्हाइकाला दिला, तर आठ दिवस त्यानं माझ्याकडं मान वर करून पाहिलं नाही. मॅचलाही नेऊन बघितलं. सगळी पेठ रेफ्रीच्या नावानं ओरडत होती आणि हा माझ्या कानात म्हणाला, "त्याचं बरोबर असंल, आपल्याला काय कळतंय."

पुढं दोनेक वर्षांनी त्याच फौंड्रीनं जुनी यंत्रं विकायला काढली. मी गेलो, धंदा म्हणजे धंदा. वाळू मळायचं एक यंत्र होतं. सवयीनं झाकण काढून आत वाकलो आणि खोडी शोधू लागलो. आतली पाती झिजून निम्मी झाली होती. त्यानं वाळू मळली जाणंच शक्य नव्हतं. मी सुपरवायझरला म्हणालो, "हे तर मेलेलं हाय." तो खालच्या आवाजात म्हणाला, "बारा वर्सं तर असंच हाय. मालकास्नी ठावं हाय. पाती बदलायची तर काम आठवडाभर बंद ठेवाय लागतंय." मी ती खोड दाखवून भाव निम्म्यावर आणला, यंत्र टेम्पोत चढवलं आणि खुशीत निघालो. शिरोलीच्या नाक्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. निम्मा भाव पाडून मी जे विकत घेतलं होतं, ती आनंदाची नऊ वर्षं होती.

टेम्पो तसाच शेडपाशी नेला. आनंदाला आत वाकायला लावलं. "बघ! बघ ही पाती! तुझी चूक नव्हतीच, आन् त्यास्नी म्हाईत हुतं!" मला वाटलं होतं तो रडेल, शिव्या देईल, निदान एक दगड तरी उचलेल. त्यानं पात्यावर हात फिरवला. बराच वेळ फिरवला. मग म्हणाला, "पाती झिजलीत, खरं हाय. पण सह्या माझ्या हाईत की. येवढी वर्सं मी मोठ्यानं वाचलंय. ते आता खोटं कसं हुईल?"

मी भडकलो. रस्त्यावर माणसं गोळा होतील इतकं ओरडलो; बायल्या म्हणालो, आणखी नको ते बोललो. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर टेबलावर घडी घातलेला कागद होता. त्याच्या सुबक अक्षरात: 'माझ्यामुळे आपणांस मनस्ताप झाला, त्याबद्दल मी दिलगीर आहे.' खाली सही. तीस वर्षं मला लेका म्हणणारा माणूस... तो कागद फाडायची माझी हिंमत झाली नाही. त्यानंतर मी त्याला काही दाखवायला गेलो नाही. शेडमध्ये तो लाकडाला पॉलिश करत बसायचा, मापाचं काम मागायचा नाही, आणि मीही द्यायचं सोडलं.

रक्षाविसर्जनाला मालक आले होते. पांढरे कपडे, हात जोडलेले. "हाडाचा कारागीर गेला," म्हणाले. मी पुढं सरकलो तसं वहिनींनी माझी बाही धरली. "नको भावजी. आपलंच नशीब." म्हणून त्या दिवशी मागं सरलो.

गेल्या आठवड्यात घरी जाऊन आलो. आनंदाची मुलगी रूपाली बारावीला आहे, हुशार आहे. तिनं चहा आणला, कप माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "काका, साखर कमी-जास्त झाली असंल तर माझं चुकलं."

"आगं, आजून तोंडाला लावला न्हाय मी."

"तरीबी," ती म्हणाली आणि भिंतीपाशी उभी राहिली, मी पहिला घोट घेईपर्यंत. वहिनी जमिनीकडं बघत होत्या. त्यांना यात काही वेगळं वाटलं नाही. त्या घरात असंच बोलतात.

मालक, तुम्ही हे वर्तमानपत्र घेता. माझ्या वाट्याचा दोष मी वर लिहिला आहे, तुमच्या वाट्याचं तुम्ही बोला. आनंदाला आता तुमचं उत्तर पोचणार नाही. पण या पोरीनं तुमच्या कारखान्याचं फाटकसुद्धा पाहिलेलं नाही. तिनं तुमचा कुठला जॉब बिघडवला, ते तिच्या दारात येऊन, तिच्याकडं बघून सांगा.