वालय म्हणजे वाल नव्हे

माझे सासरे धोंडू परब दुकानात तांदूळ चावून बघतात. पोत्यात हात घालणार, चार दाणे तोंडात टाकणार, कचकन चावणार आणि दुकानदाराच्या तोंडावर सांगणार, "हो तांदूळ न्हय." मग हे काय आहे, असं विचारलं की पुढच्या पोत्यात हात. मुंबईत येऊन पन्नास वर्षं उलटली. आधी गिरणी, ती बंद पडल्यावर चारकोपला वॉचमनची नोकरी. जीभ मात्र अजून कुडाळातच आहे.

मागच्या महिन्यात सासूबाई, म्हणजे जानकीबाई, न्यूमोनियातून उठून घरी आल्या. उठून म्हणजे नावालाच. चार दिवस पोटात चहाशिवाय काही नाही. खिचडी नेली, तोंड फिरवलं. सूप नेलं, डोळे मिटले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "परवापर्यंत खाल्लं नाही तर परत ॲडमिट करा, नळीने भरवावं लागेल." मागच्या वेळी सासूबाईंनी नळी उपसली म्हणून हात बांधून ठेवले होते, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

सासऱ्यांनी निकाल देऊन टाकला. "तिका वालयची पेज व्हयी. तेच्याशिवाय ती उठाची नाय."

वालय म्हणजे त्यांच्या गावाकडचा लाल तांदूळ. नवरा म्हणाला, "अनुपमा, तू जाशील ना बाबांबरोबर?" जाशील ना! याची मीटिंग, आणि माझी रजा काय झाडाला लागते?

कोपऱ्यावरच्या दुकानात म्हटलं, "वालय आहे का?" त्याने वालाची पिशवी पुढे केली.

"वाल नाही हो, वालय!"

"तेच ना ताई. कडवे देऊ की गोडे?"

बोरिवलीला इडलीचा तांदूळ दाखवला. घाटकोपरच्या मॉलमध्ये हातमोजे घातलेली मुलगी म्हणाली, "ब्राउन राइस आहे अंकल, डाएटसाठी बेस्ट." अंकल पाकीट दाताने फोडायला निघाले. मी हिसकावून घेतलं. सिक्युरिटीवाला आमच्या मागेमागे दारापर्यंत आला. लाजेने मेल्यासारखं झालं मला. मोबाइलवरून मागवला तर लाल पोहे आले! मुलुंडला कुणा गाववाल्याचं दुकान आहे म्हणून रिक्षाने गेलो, तर शटरवर पाटी, ‘गावाक जत्रेक गेलंय.’

"बाबा, बस झालं आता," मी रस्त्यातच ओरडले. "लाल म्हणजे लाल. घ्या ना कुठलाही!"

"कुठलोय? आजाऱ्याक कुठलोय घालतत?" तेही ओरडले. मी परतीच्या रिक्षाला हात केला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तांदूळ मिळाला कुठे, तर चारकोपमध्येच, आमच्या मागच्या सेक्टरला! सुंदराबाई म्हणून एक बाई घरातूनच कोकमं आणि सुकी मासळी विकतात. त्यांच्याकडे डब्यात होता. सासऱ्यांनी दाणा चावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "होच." दोन दिवस उपनगरं पालथी घातली आणि हा घरापासून पाच मिनिटांवर. माझं डोकं असं फिरलं की विचारू नका.

पेज त्यांनीच केली. कुकरला हात लावू दिला नाही. मंद गॅसवर ढवळत उभे राहिले, गुडघे दुखत असताना. मग वाटी घेऊन सासूबाईंच्या उशाशी बसले. "जानक्या, वालय गावलो गो. तोंड उघड."

सासूबाईंनी वाटीत बघितलं आणि हाताने वाटी बाजूला सारली.

"माका पेज आवडत नाय."

"काय?"

"कधीच आवडली नाय. तुमका लागता म्हणान करी होतंय. उरली काय तीच खाय होतंय." आवाज बारीक होता, पण शब्द न् शब्द स्पष्ट. "माका कोणी इचारल्यान?"

खरंच, कोणी विचारलं होतं? खिचडी मी ठरवली, सूप डॉक्टरीणबाईंनी, पेज यांनी. मला माझीच शरम वाटली. मी खाली वाकून विचारलं, "आई, काय खाल?"

"वरण-भात. गोडा. मऊ करून."

वीस मिनिटांत झाला. दोन दिवस रिक्षाने फिरण्याचं काम वीस मिनिटांचं होतं! सासरे तसेच बसून होते. पेजेवर साय धरली होती. मी ताट नेलं तर त्यांनी माझ्या हातातून काढून घेतलं. पहिला घास भरवला आणि विचारलं, "बरो लागता?"

सासूबाईंनी मान डोलावली.

दुसरा घास. "मीठ बरा आसा मां?" तिसरा. "तूप घालू?" चौथा. "लिंबू पिळू काय?" पन्नास वर्षांत जे विचारलं नव्हतं ते सगळं एका ताटात विचारायला बसले होते, आणि रडत होते.

"गप भरवा ओ," सासूबाई वैतागून म्हणाल्या, "भात निवता."