सुमनने मांडलेला भागाकार

मी दारू प्यायलेलो नव्हतो.

हे अख्ख्या कारखान्यासमोर सिद्ध करणारी माझी धाकटी बहीण सुमन काल गेली. आज बेंबळीत अंत्यविधी झाला.

माझे शिक्षण चौथी. लेखनात चूक आढळल्यास कळवावे.

दुष्काळानंतरच्या वर्षांत मी सहकारी साखर कारखान्यावर ट्रॅक्टर चालवीत असे. क्षयरोग झाला. इंजेक्शनांनी छाती बरी झाली. परंतु चालू लागलो की समोरचे जग उड्या मारू लागे, तोल जाई. लोकांना वाटे, प्यायलोय.

सुपरवायझरांनी माझे तोंड हुंगले.
"वास न्हाय. लवंग चावून आलास व्हय रं?"

चुन्याच्या रेघेवर चालायला लावले. तिसऱ्या पावलाला झोकांडी गेली. सगळे हसले. ट्रॅक्टरची किल्ली काढून घेतली.

सुमन तेव्हा पुण्यात गणितात संशोधन करीत होती. डोके हलले तरी नजर स्थिर कशी राहते, याचे गणिती मॉडेल.
मी एकदा विचारले होते, "चष्म्याच्या नंबराचं गणित व्हय?" पोट धरून हसली होती.

सुट्टीत आली, सगळे ऐकले. या वेळी हसली नाही. मला घेऊन थेट कारखान्यात.

"साहेब, डोकं हलवत ती पाटी वाचा."
"वाचली की. त्यात काय एवढं?"
"आता तुम्ही, दादा."
"अक्षरं नाचाया लागली गं!"

तिने फरशीवर खडूने भागाकार मांडला.
"डोकं जेवढं उजवीकडं, डोळा तेवढाच डावीकडं. आपोआप. डोळ्याचा वेग भागिले डोक्याचा वेग. साहेब, तुमचं उत्तर एक. दादांचं जवळजवळ शून्य. डोकं हललं हे डोळ्याला सांगतो आतला कान. तोच इंजेक्शनानं गेलाय. पिणाऱ्याची सकाळी उतरती, ह्यांची उतरत न्हाय."

सुपरवायझर सर्वांसमोर म्हणाले, "चुकलं माझं." किल्ली पुढे केली.

ती सुमननेच अडवली.
"न्हाय साहेब. ट्रॅक्टर ह्यांच्या हाती देऊ नका."

मला लई राग आला. चार दिवस बोललो नाही.

पाचव्या दिवशी तिने भिंतीवर एक अक्षर काढले. "ह्याच्यावर नजर धरा आन् डोकं हलवा. रोज शंभरदा."

रोज केले. वर्षभराने सुपरवायझरांना बोलावून चुन्याच्या रेघेवर चाललो. शेवटपर्यंत.

पूर्ण बरा झालो नाही. चालताना आजही समोरचा चेहरा हलतो.
म्हणून आज अंत्ययात्रेच्या वाटेत मी सर्वांना थांबविले. उभा राहिलो. तिचा चेहरा स्थिर झाला. डोळे भरून पाहिला.

सुमन, पुढे पायीच आलो. कोणाचा हात धरला नाही.

तुला माझा अखेरचा जय भीम.