न झालेला मुकादम

नागपूरच्या एका ठेकेदाराचा लाकडाचा डेपो होता, तिथं मी मुन्शी होतो. सिरोंच्याकडे जाणाऱ्या कच्च्या सडकेपासून दीड कोस आत. आमचा चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. पुढं तो मुंबईकडे गेला, कागदांवरचे शिक्के बदलले. मी त्याच्या आधीची गोष्ट सांगतो आहे. आजवर कोणाला सांगितली नाही, कारण कोणी विचारलीच नाही, आणि न विचारता बोलायची मला सवय नाही. आता पंचेचाळिशी उलटली.

मी मूळचा सावली गावाकडचा. घरचं धान भाऊ पिकवतो. बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, मूलही गेलं. त्यानंतर गावातल्या बाया माझ्याकडे पाहून पदर डोळ्याला लावत, ते मला सोसत नव्हतं. कोणी ओळखणार नाही अशी जागा हवी होती, ती मिळाली. कुडाची खोली, पुढं पडवी, पडवीत एक बाज, आणि समोर सागवानाच्या थप्प्या. दिवसभर माणसं असत. पण मजुरांनी मुन्शीशी बोलायचं ते हजेरीपुरतं, आणि मुकादमाने बोलायचं ते शिव्यांपुरतं.

डेपोत माणसं तीन तऱ्हेची. दिवाळीनंतर धान कापून झाल्यावर आमच्या सावलीकडची यायची. हलग्यांच्या, म्हणजे रेड्यांच्या, गाड्या घेऊन सिरोंच्याकडची तेलुगू बोलणारी यायची. आणि आसपासच्या पाड्यांवरचे गोंड. तिघांच्या चुली वेगळ्या, बोली वेगळ्या, टोळ्याही वेगळ्या. मुकादम मात्र नेहमी नागपूरकडचा, आणि तो ओरडायचा हिंदीत. "उठाव! अबे उठाव!" अर्ध्यांना कळायचं, अर्धे शेजाऱ्याकडे पाहून उचलायचे. पाहण्यात जो क्षण जातो त्यात लाकूड फिरतं. मी तिथं होतो त्या पहिल्या दोन हंगामांत दोघांची पावलं चिरडली.

एकच टोळी मिसळ होती. तिचा पुढारी एक गोंड माणूस, माझ्याच वयाचा, जरा बुटका, डाव्या कानात पितळी बाळी. सगळे त्याला दादा म्हणत, तेलुगूवालेसुद्धा. त्याच्या टोळीत सहा गोंड, तीन सावलीकडचे, दोन सिरोंच्याकडचे. त्यांना कोणी एकत्र केलं नव्हतं. दुसऱ्या टोळ्यांतून निघून ते आपणहून त्याच्याकडे आले होते.

मोठा नग, म्हणजे सागाचा ओंडका, आला की ही टोळी आधी खाली बसायची. लाकडाभोवती उकिडवी. कोणी विडी पेटवी, कोणी कुऱ्हाडीचा दांडा लाकडावर मारून आवाज ऐके. एक जण गोंडीत काही बोले, ते दुसरा मराठीत सांगे, तेलुगूवाला हातांनी करून दाखवी. दादा सगळ्यांत शेवटी बोले, तेही दोन शब्द. मग उठत, आणि तोंडातून हूं की चूं न काढता लाकूड थप्पीवर चढे.

पहिल्या पहिल्यांदा मला वाटलं, ही आळशी माणसं आहेत. एकदा मी विचारलंच.

"काऊन बसता गा तुमी येवढा वेळ?"

"बाबू, आमी बारा जण हावो. एकाले नाई समजलं, त अकरा जणाइचे पाय जाते." मग हसून म्हणाला, "बारावा त पयलेच पळून जाते."

त्याच्या टोळीत कोणाचं नखसुद्धा गेलं नाही. हे मला माहीत होतं. बाकी कोणी नाही, पण मी रोज हजेरी घेत होतो, कोण आलं नाही आणि का आलं नाही, हे माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

बाजाराच्या दिवशी डेपो रिकामा होई. मी कुठं जाणार? थप्प्यांकडे पाहत बाजेवर पडून राही. हळूहळू दादा त्या दिवशी येऊ लागला. पळसाच्या पानावर रानातली फळं, टेंभरं नाही तर चारं, घेऊन यायचा, पडवीच्या कडेला जमिनीवर बसायचा. फार बोलणं नसे. कोणत्या झाडाला यंदा कधी फूल आलं, कोणाची म्हैस रानात राहिली, असलं. माझी बायको गेली हे त्या जंगलात फक्त त्याला माहीत होतं. त्याने ऐकलं आणि विचारलं, "तिले काय आवडे खायाले?" इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं.

एवढं असून मी त्याला कधी "वर बाजेवर बस" म्हटलं नाही. तोही बसला नाही. तेव्हा ते मला जाणवलंच नव्हतं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. जाणवलं होतं.

तिसऱ्या हंगामात जुना मुकादम हिवतापाने बेजार होऊन नोकरी सोडून गेला. जागा रिकामी. आमचे ठेकेदार शेठ जीपमधून आले. आम्ही सगळे उभे, ते बाजेवर बसले. म्हणाले, "तिथं नागपुरात मले समजलं, का इथी एक टोळी आहे तिच्यात नुकसान नाई होत. कोण आहे थो?"

मी दादाला पुढं केलं. त्याला मी पुढं केलं, हे खरं आहे आणि हेही लिहून ठेवतो.

शेठनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "याच्या जातीचा मुकादम मी तं कोणत्याच डेपोत नाई पाह्यला. पण पाहू. चल रे, तो नग चढवून दाखव."

त्या दिवशीच आलेला सागाचा नग होता, दोघांच्या कवेत न मावणारा. दादा गेला, लाकडाभोवती एक फेरी मारली आणि बसला. टोळी बसली. सावलीकडच्या एकाने तंबाखू मळायला घेतली.

शेठनी घड्याळ पाहिलं. थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं. "याईले लाकूड उचलाचं आहे का सोयरीक जमवाची आहे?"

जीपचा ड्रायव्हर हसला. मीही हसलो.

"मुन्शी, हे नेहमीचंच का?"

इथं मला बोलता आलं असतं. बारा जणांच्या तीन बोली आहेत, शेठ. ते ठरवून राह्यले. म्हणून याच्या टोळीत पाय जात नाहीत. एवढंच सांगायचं होतं, आणि ते माझ्या तोंडाशी तयार होतं.

मी म्हणालो, "असंच आहे त्याईचं, शेठ."

शेठ उठले आणि जीपकडे चालू लागले. त्यांची पाठ वळली तेव्हा टोळी उठली. दोर घातले, लोखंडी सब्बली लावल्या, आणि तो नग थप्पीच्या तिसऱ्या थरावर असा जाऊन बसला की खालची धूळसुद्धा उडाली नाही. शेठ तेव्हा जीपमधल्या थर्मासातला चहा पीत होते.

जीपपाशी त्यांनी मला बाजूला घेतलं. "तू इथी राहतं. तू म्हणशील तं लावतो याले. चालवीन का हा? सगळे याच्या हाताखाली येतीन. तूही. रोजची हजेरी तुले यालेच दाखवा लागन."

मुकादम पडवीत बाजेवर बसे आणि मुन्शी समोर उभा राहून हजेरी वाचून दाखवी, अशी डेपोची रीत होती. जुन्या मुकादमासमोर मी दोन वर्षं तसा उभा राहिलो होतो. तो शिव्या देणारा, अंगठाछाप माणूस. त्याच्यापुढे उभं राहताना मला काही वाटलं नव्हतं. पण त्या क्षणी मला बाजेवर दादा दिसला, आणि त्याच्यापुढे कागद धरून उभा असलेला मी. तो माझा मित्र होता. पण जमिनीवर बसलेला मित्र. शिकलेल्या, चार पुस्तकं वाचलेल्या माणसाच्या पोटात हे होतं, आणि ते बाहेर यायला एक जीप आणि एक प्रश्न पुरला.

मी म्हणालो, "माणूस इमानदार आहे, शेठ. पण हुकूम त्याच्या तोंडात बसत नाई."

"मलेही तेच दिसलं," शेठ म्हणाले.

पंधरा दिवसांत नागपूरकडचा नवा मुकादम आला. आवाज खणखणीत.

पुढच्या बाजाराच्या दिवशी दादा आला. त्या दिवशी हातात पान नव्हतं. पडवीच्या कडेला बसला. मग म्हणाला, "बाबू, एक पुसू का? शेठले तुमी सांगतलं का, आमी काऊन बसतो थे?"

त्याच्या विचारण्यात संशय नव्हता. निकाल कोणत्या पुराव्यावर लागला, एवढंच त्याला माहीत करून घ्यायचं होतं. मी त्याच्याकडे न पाहता म्हणालो, "सांगतलं ना. समदं सांगतलं."

"मंग ठीक हाये." त्याने मान हलवली. "सांगूनबी त्याले पटलं नाई, म्हंजे मुकादमाचं काम येगळंच असन. आमाले वाटे थे नसन." मग विचारलं, "तुमी लय मुकादम पाह्यले बाबू. कसे ओरडते थे? पोटातून का गळ्यातून?"

मी हसण्यावारी नेलं. तो हसत नव्हता.

पुढच्या हंगामात, माघ उतरणीला लागला असताना, नवा मुकादमही हिवतापाने पडला. तीन दिवस काम कोण पाहील, तर जाता जाता त्याने दादालाच सांगितलं. मला बरं वाटलं. वाटलं, आता तीन दिवसांत सगळ्यांना दिसेल, मी न बोलता सगळं सरळ होईल.

सकाळी पहिला नग आला. टोळी नेहमीसारखी खाली बसली. दादा बसला नाही. तो शेजारच्या लाकडावर चढून उभा राहिला, छाती फुगवली आणि ओरडला, "उठाव! अबे उठाव!"

त्याच्या टोळीला वाटलं, तो मुकादमाची नक्कल करतो आहे. सगळे खदाखदा हसले. तेलुगूवाल्याने तर टाळी वाजवली. सावलीकडचा एक म्हणाला, "अजून शिवी राह्यली, दादा! शिवीबिगर मुकादम होते का?"

दादाने शिवी दिली. घोगऱ्या, फाटक्या आवाजात, हिंदीत. मग हसणं एकेकाच्या तोंडावरून उतरत गेलं. माणसं उठली, एकमेकांकडे पाहत त्यांनी लाकडाला हात घातला. लाकूड अर्ध्यावर गेलं, एका बाजूचे दोघे आधीच जोर लावून मोकळे झाले, नग फिरला आणि थप्पीचा कोपरा घेऊन खाली आला. कोणाला लागलं नाही. सगळे वेळेवर पळाले.

दादा तिथंच उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. शिकवलं तसं केलं तरी का जमलं नाही, हे शिकवणाऱ्याला विचारावं, तसं. मी हजेरीच्या कागदात मान घातली. तेव्हाही वीस पावलं चालत जाऊन सांगायचं होतं: मी शेठला काही सांगितलं नव्हतं. तू बसत होतास तेच बरोबर होतं. वीस पावलं.

तीन दिवस तो तसाच ओरडत राहिला. तिसऱ्या दिवसापर्यंत टोळी फुटली होती. सावलीकडचे सावलीकडच्यांत गेले, सिरोंच्याकडचे आपल्या गाड्यांपाशी. त्याच्या गावचे होते ते त्याच्याशी बोलत, पण खाली मान घालून, आजारी माणसाशी बोलावं तसं. चौथ्या दिवशी मुकादम परत आला तेव्हा दादाने लाकडाचं काम सोडलं आणि पलीकडच्या रानात बांबू तोडायला जाऊ लागला. बांबू तोडायला दुसरं माणूस लागत नाही.

बाजाराच्या दिवशी तो पुन्हा आला नाही. मी वाट पाहिली. लाज आणि वाट एकाच माणसाबद्दल असली की फार हळू वेळ जातो. हंगाम संपला तशी मी नोकरी सोडली आणि गडचिरोलीला एका दुकानात हिशेबनीस झालो. इथं माणसं पुष्कळ आहेत. संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर गप्पा होतात, मी ऐकतो.

गेल्या उन्हाळ्यात मी त्याच्या गावी गेलो. ठरवून गेलो. सडकेला उतरून पायी, विचारत विचारत. घर सापडलं. अंगणात त्याची सून मोहफुलं वाळवत होती. मी डेपोतला मुन्शी म्हटल्यावर तिने लगबगीने आतून बाज आणली, सावलीत टाकली, पाणी दिलं. म्हणाली, "मामाजी रानात गेले. येतेच आता, एका घंट्यात. बसा ना भाऊ."

"काय करते आता थे?"

"बांबू तोडते. एकटेच जाते. कोनासंगं नाई जात." मग विचारलं, "तुमचं नाव काय सांगू?"

मी तिला नाव सांगितलं. बाजेवर बसलो नाही, उभाच राहिलो. काय बोलायचं ते वाटेत शंभर वेळा घोकलं होतं. पण अंगणात उभा असताना मला कळलं की ऐकून तो पहिलं काय म्हणेल. म्हणेल, मंग ठीक हाये, बाबू. आणि ते मला ऐकवलं नसतं.

परतीच्या बसची वेळ झाली म्हणालो. ती म्हणाली, "अजून लय वेळ हाये भाऊ बस याले." ते खरं होतं. मी सडकेवर येऊन एका ऐनाच्या झाडाखाली दीड तास उभा होतो. त्या वाटेने तो येताना दिसला असता तर मी थांबलो असतो का, ठाऊक नाही. बस आली, मी चढलो.